हौदातली तालीम

माझा मुलगा पुण्याला नोकरीला. एक दिवस फोनवर म्हणाला, "आई, ऑफिसची पोरं मालवणला चाललोय. रात्री निघायचं, दिवसभर समुद्रातले मासे बघायचे, रात्री परत. तोंडात नळी धरायची, पाण्यात डोकं घालायचं, बास."

आमच्या पारनेरकडं पोरांना पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात. ह्याला मी कधी शिकू दिलं नाही. लहान असताना तो आमच्याच विहिरीत पडला होता. मी साडीसकट उडी टाकली. केसाला धरून वर काढला तर श्वास बंद. उलटा धरून पाठीत धपाटे घातले, तेव्हा कुठं रडला. तेव्हापासून त्याच्या आंघोळीची बादलीसुद्धा मी अर्धीच भरायचे.

"अगं, जॅकेट असतं. एक माणूस हात धरून असतो."

"त्या माणसाला ठाव हाय का, तू विहिरीत पडला हुतास ते?" मी फोन ठेवून दिला. हे म्हणाले, "जाऊ दे की, घोडा झालाय आता." म्हटलं, "तुमी गप बसा."

दुसऱ्या दिवशी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडला आणि जनावरांच्या हौदात तोंड घालून त्यातून श्वास घेऊन बघितला. नाकात पाणी, घशात शेवाळ. म्हैस टकामका बघत उभी. मला जमेना, तर ह्याला काय डोंबल जमणार!

जायच्या आधी तो घरी आला, नवा मास्क आणि नळी घेऊन. मी म्हटलं, "आधी हौदात घाल डोकं, माझ्यासमोर. मग बघू." तो हसला, पण वाकला. तोंड पाण्यात, नळी वर. पोरगं हलेना. विहिरीतही असाच हलत नव्हता. मी केसाला धरून खसकन वर ओढला.

"आई! श्वास चालू होता की माझा!"

"माझा न्हवता," मी म्हटलं.

मग तो हसला नाही. माझा हात धरून त्यानं स्वतःच्या पाठीवर ठेवला आणि परत डोकं पाण्यात घातलं. पाठ सावकाश वर-खाली होत होती. ह्याच पाठीत मी धपाटे घातले होते. बऱ्याच वेळानं म्हटलं, "जा."

पाण्यात त्याला काय ऐकू जाणार! वर आल्यावर तेच परत म्हणावं लागलं, आणि ते लई जड गेलं.