कुटाच्या दोन चांदण्या

लवळ्यात आमची मेस हाय. मी सुलताना. भाकऱ्या थापते आन् तोंडबी चालवते. पण आज माझं न्हाई, स्नेहलचं सांगते. महाळुंग्याची पोर. घरच्या जमिनीवर बिल्डिंगी झाल्या, बाप म्हनतो आता कशाला नोकरी. ही रोज स्कूटी हाणत हितं कॉलेजच्या कॉम्प्युटर हापिसात येती. लई चिवट!

कुठल्या पदार्थात काय पडतं, ते होस्टेलच्या पोरांना मोबाईलवर दिसावं म्हनून तिनं विकीवर पान करायला घेतलं. विकी म्हंजे सगळ्यांनी उघडून वाचायचं. शेगडीपाशी हुबं राहून तिनं सगळं टिपलं. पदार्थ डावीकडं, त्यात पडणारं जिन्नस खाली, जरा आत सरकवून.

आन् तितंच घोडं पेंड खायला लागलं. साधं लिखाण विकीत नेताना ते आत सरकवणं टिकंना. विकीत पदार्थाम्होरं एक चांदणी, म्हंजे * अशी खूण लागती, जिनसाम्होरं दोन. हिनं काही ओळी स्पेस मारून सरकवलेल्या, काही टॅबच्या बटनानं. यंत्रानं स्पेस धरल्या, टॅब गिळला! कोशिंबिरीतलं कूट बाहेर येऊन कोशिंबिरीच्या रांगेत बसलं, जसा काय येगळाच पदार्थ.

मी वैतागले. "अगं बाई, नमनालाच घडाभर तेल! सगळं लिवलंय न्हवं? एक शब्द हिकडं का तिकडं!"

"मावशी, मग कूट कशात आहे ते कसं कळणार?" एकेक ओळ माझ्याकडनं वदवून घेतली, चांदण्या नीट लावल्या, मगच पान पोरांसाठी खुलं केलं.

परवा इंद्रजित म्हनून नवीन पोरगं जेवायला आलं. शेंगदाणा पोटात गेला की त्याचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. आमाला काय ठाऊक! कोशिंबिरीची वाटी घेऊन त्यानं माझ्या दिराला, अनिसला इचारलं, "यात काय काय आहे?"

"काय न्हाई, काकडी आन् दही."

खोटं न्हवता बोलत बिचारा. आमच्याकडं कूट टाकलं हे कुणी सांगतं व्हय? मिठासारखं ते पडतंच.

तरी पोरानं खात्री करायच्या सवयीनं, होस्टेलच्या पोरांनी सांगितलेलं पान मोबाईलवर बघितलं. कोशिंबिरीखाली दोन चांदण्या लावून शेंगदाण्याचं कूट. त्यानं वाटी तशीच खाली ठिवली. "मावशी, यात शेंगदाणा आहे!" मग घशाचं सांगितलं त्यानं. या अल्लाह! पण एक घास गेला न्हवता त्याच्या पोटात. जीव भांड्यात पडला.

त्यानं तितनंच घरी कळवलं, तसा त्याच्या आईचा फोन आला, माझे आभार मानाया लागली. म्हनलं, "ताई, आमच्यामुळं तर गेलं असतं तुमचं पोर." पान हिनं केलंय म्हनून स्नेहलला बोलावून घेतलं, इंद्रजितशेजारी बसवलं, फोन स्पीकरवर टाकला.

आई रडतच होती. "बाळा, तू ओळखत होतीस का गं आमच्या इंद्रजितला?"

"नाही काकू," स्नेहल म्हनली, "आत्ता पहिल्यांदाच बघतेय."

मग मात्र मलाबी रडू आवरंना.