बाबांचा भांग आणि आकाशातली कमान

आपली आकाशगंगा मायक्रोवेव्ह लहरींमध्येही मंद उजळते, आणि त्या लहरींच्या कंपनांना दिशा असते. त्या दिशेवरून आकाशगंगेतल्या चुंबकीय रेषा कुठे कशा वळल्या आहेत ते कळतं. पवईच्या संस्थेत मी त्यांचे नकाशे करते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते आरशासमोर भांग पाडत होते. "म्हणजे आकाश विंचरतेस की!" म्हणाले. मग रोज जेवताना विचारायचे, "काय गं, आज कुठवर विंचरलंस?" प्रबंधासाठी नकाशातली एक मोठी उजळ कमान त्यांनीच पसंत केली होती. "ही घे. झकास आहे."

ते गेल्यावर मी वर्षभर त्या कमानीशीच बसले. रेषा कमानीच्या वळणाने जायला हव्यात. माझ्या नकाशात त्या तिला छेदून जात. कमान अगदी उभी किंवा अगदी आडवी होती तिथे मात्र नीट बसत, त्यामुळे चूक सापडेना. शेवटी सर म्हणाले, "सोमवारपर्यंत जमलं नाही, तर ही कमान प्रबंधातून काढू." मला ती काढायची नव्हती.

रविवारी वर्षश्राद्ध होतं. बोरीवलीच्या घरी आईने बाबांचा फोटो मोठा करून आणला होता, त्यांनी स्वतःच मोबाइलवर काढलेला. मुलुंडहून आलेली आत्या हार घालता घालता थांबली.

"वहिनी, हा माझा भाऊ नाही."

"काहीतरीच काय गं!"

"भांग बघ ना! उजवीकडे कधी पाडला त्याने? आणि शर्टाला खिसा उजवीकडे असतो कुठे?"

मोबाइलने फोटो आरशासारखा उलटा काढला होता. आधी आई हसली, मग सगळेच, गुरुजीसुद्धा. माझं हसू मध्येच थांबलं. आमच्याकडे या रेषांचा कोन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे दुसरीचं आरशातलं रूप. निरीक्षणं एका पद्धतीने नोंदलेली होती आणि मी ती दुसरीने वाचत होते. उभी रेष आरशातही उभीच दिसते, आडवी आडवीच. तिरपी उलटते.

"आधी जेवून घे," आई म्हणाली. जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडला आणि कोनापुढे एक उणे चिन्ह घातलं. रेषा कमानीबरोबर अलगद वळत गेल्या, तेल लावून विंचरल्यासारख्या. कमान राहतेय, असं सरांना लगेच कळवलं.

आत्याला बोलावून दाखवलं. "ही बाबांची कमान."

तिने चष्मा वर करून निरखून पाहिलं. "विंचरलंयस छान. भांग कुठाय पण?"