घरी बांधलेलं इंजिन

माझं इंजिन पहिल्याच दिवशी बसलं, असं आमच्या घरात अजूनही सांगतात. सांगताना दादा हसतो. मला त्या हसण्याचा राग येतो आणि तो मी आता लपवतही नाही.

गाडी आम्हा दोघा भावांची. जुनी, पण अंगानं हलकी, म्हणून माळावरच्या शर्यतीत उतरवायला घेतलेली. मूळ इंजिनात दम नव्हता. दादाचं दुकान लातूरला. तिथं एका व्यापाऱ्याकडं बाहेरून आलेलं तगडं, तयार इंजिन पडून होतं.

"तेच आणून बसवू," दादा म्हणाला. "तू उगं कशाला डोकं लावून राहिलास? लोक हसतेत."

मी नांदेडला गॅरेज चालवतो. दुनियेची इंजिनं खोलली, पण घरच्यांच्या लेखी मी नट-बोल्ट आवळणारा. माझ्या हातचं एक इंजिन पळावं आणि ते दादानं बघावं, एवढंच मला हवं होतं. म्हणालो, "मी बांधतो. न्हाई जमलं तर तुझं आण."

पावसाळाभर मी त्या इंजिनामागं लागलो होतो. सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन घातले, व्हॉल्व घासून बसवले, रुंद तोंडाचा कार्ब्युरेटर चढवला. दसऱ्याला सुरू करायचं ठरलं. एअर फिल्टर तेवढा आला नव्हता, म्हणून हवेबरोबर दुसरं काही इंजिनात ओढलं जाऊ नये यासाठी कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडावर तारेची जाळी आवळली आणि दादाला बजावलं, "हिला हात लावू नको."

दसऱ्याला आईनं ताट आणलं. झेंडूचा हार, हळदकुंकू, सगळं झालं. मी आत बसलो. बॉनेट उघडं असल्यामुळं मला समोरचं काही दिसत नव्हतं. दादा ओरडला, "हं, मार!" मी चावी फिरवली. काय आवाज होता! अंगावर काटा आला. मी एक्सलेटर दाबला, तशी आत खटकन ठोकर बसली आणि गाडी गप्प झाली.

"म्हणलं होतं ना," दादा जमलेल्या लोकांकडं बघून म्हणाला. "घरचं ते घरचंच."

मी तिथंच इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, खोललं. एक व्हॉल्व वाकला होता आणि त्याच्याखाली सुपारीचा चुरा, विड्याच्या पानाच्या चिंध्या. जाळी खाली फुलांत पडली होती. पूजेला जाळी बरी दिसत नाही म्हणून दादानं ती काढली होती, आणि कार्ब्युरेटरचं वाटीसारखं गोल तोंड बघून त्यावर पान-सुपारी मांडली होती.

तो चुरा मी त्याच्यासमोर धरला. त्यानं तिकडं धड पाहिलंही नाही. "देवाच्या सुपारीनं कुठं इंजिन मोडत असतंय का? तुझंच कायतरी चुकलं."

आई म्हणाली, "सणासुदीचं भांडू नका रे." म्हणजे मीच गप्प बसायचं.

दिवाळीनंतर लातूरचं तयार इंजिन आलं. ते मीच बसवलं, दुसरं कोण बसवणार? त्याचीही पूजा झाली. फिल्टर घट्ट बसलेला, झाकण लावलेलं, आत काही जायला जागाच नव्हती. तरी दादानं इंजिनावर काही ठेवलं नाही. पान-सुपारी घेऊन तो खाली वाकला आणि चाकापुढं, जमिनीवर ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "हं, मार."