हंसराजाची दुपार

परवा नर्सरीत ओल्या शेवाळाचा वास आला आणि मी थेट भामरागडजवळच्या त्या नाल्याकाठी जाऊन पोचले.

कॉलेजची सहल होती, जंगलातले नेचे ओळखायची. सलमा माझी वर्गमैत्रीण, भद्रावतीची. तिचे अब्बा शिलाईकाम करायचे. त्यांचा दमा वाढला होता, म्हणून ती येणार नव्हती. मीच घरी जाऊन म्हटलं, "चाचा, दोनच दिवस. येऊ द्या ना तिले."

ते धापा टाकत हसले. "जा बेटा. मले काई नाई होत."

नाल्याच्या दगडांत काळ्याभोर, तारेसारख्या देठांचा नेचा लोंबत होता. सलमानं पान उलटलं. कडेला बीजाणूंची तपकिरी किनार होती. पानाचं टोक जिथं मातीला टेकलं होतं, तिथंच त्याला नवी मुळं फुटली होती.

"हा हंसराज होय वं!" ती ओरडली. मग आम्ही पाण्यात पाय सोडून उगाचच किती तरी वेळ हसत बसलो.

त्याच दुपारी अब्बा गेले. जंगलात फोन लागत नव्हता. आम्ही परतलो तोवर दफन होऊन गेलं होतं.

तिच्या दारात मला रडू आवरेना. सलमानंच माझा हात धरला. "तू काऊन रडून राह्यली? अब्बानंच तर पाठवलं मले."

आजही आम्ही फोनवर तासभर बोलतो. त्या सहलीचा विषय मात्र मी टाळते. माझ्या तरुणपणातली ती सगळ्यात सुखाची दुपार होती, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?