लटाकियाचा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, धाकट्या बहिणीलाही नाही — तिला माझं बाकी सगळं माहीत आहे. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही. मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे. ही मात्र मनातल्या मनात सांगायला बसले, तरी दर वेळी दुसरीकडेच वळते.

मी व्यवस्थित बाई आहे. किराणा, गोळ्यांच्या वेळा, कुणाचा वाढदिवस — सगळं फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर. दूधवाला येऊन गेला का, किल्ली शेवटी कुणी घेतली, असा काही वाद झाला, की घरात एकच उत्तर असायचं: "वैशालीला विचारा." मी सांगेन ते खरं. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

नाना म्हणजे माझे सासरे. रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे, नारायण पेठेतल्या फ्लॅटवर राहायला आले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण रोज सकाळी एकटे चालत बुधवार पेठेत जायचे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्याने वाचायचे आणि काही न घेता परत यायचे. पाइप ही त्यांची एकच चैन. डॉक्टरांनी बंद करा म्हटल्यावर ती बंद केली मी. पाइप देऊन टाकले, तंबाखूचे डबे फेकले, पडदे धुवायला टाकले. "एक तरी राहू दे गं, नुसता बघायला," असं म्हणाले, म्हणून एक शोकेसमध्ये ठेवला. मला शब्द दिला होता त्यांनी. पुन्हा कधीच हात लावला नाही. कधीच नाही — हे इतक्या खात्रीने मीच सांगू शकते.

पण आधी एका डब्याचं सांगते.

नानांचा भाचा परदेशातून आला, तो त्यांच्यासाठी तंबाखूचा एक चपटा काळा डबा घेऊन. त्याला काय माहीत, नानांनी सोडलंय. मी तो दारातच काढून घेतला आणि मिक्सरच्या खोक्यामागे सरकवला. व्हिस्कीचा स्वाद दिलेला लटाकिया होता. लटाकिया म्हणजे काय, ते नानांनीच कधीतरी सांगितलं होतं — लाकडाच्या धुरावर वाळवून काळी केलेली पानं. "होळीच्या दुसऱ्या दिवशी राखेजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं," म्हणायचे, आणि डोळे मिटायचे. डोळे मिटावेत असं माझ्याकडे काय होतं?

एका दुपारी नाना आत झोपले होते. फडताळ आवरताना डबा हाताला लागला. फेकायचाच होता — पण झाकण उघडलं. आधी धूर, आणि त्याच्याखाली व्हिस्कीचा गोडसर, उग्र वास. मी शोकेसमधला पाइप काढला. भरायचा कसा, ते वर्षानुवर्षं बघितलं होतं: खाली सैल, वर जरा दाबून. बाल्कनीत वाऱ्याने काडी विझायला लागली, म्हणून हॉलमध्येच बसले, नानांच्या खुर्चीत. पहिल्याच झुरक्याला ठसका लागला, जीभ पोळली. डांबर, जुनं चामडं, ओलं जळकं लाकूड — आणि सगळ्याच्या मागून ती व्हिस्की. आवडलं मला. तेही सांगून टाकते. फार आवडलं.

पाइप पुसून जागेवर ठेवला. पंखा लावला, उदबत्ती लावली. लटाकिया उदबत्तीला दाद देत नाही.

संध्याकाळी अजित, माझा नवरा, दारातच थबकला. "आज होम केलास का घरात? बंब बोलवायचा राहिला वाटतं." मग त्याची नजर शोकेसकडे गेली. तिथून नानांकडे. ते खुर्चीत चहा पीत होते.

मी हसून सांगून टाकलं असतं तर? अजितने आठवडाभर टोमणे मारले असते. नाना तर खूशच झाले असते; भरायची रीत चुकली असेल म्हणाले असते. बस, एवढंच. आणि एवढ्यालाच मी घाबरले. ज्या बाईने सगळ्यांना शिस्त लावली, तिनेच —

"नाना, दुपारी पुन्हा ओढलात तुम्ही?" मी म्हणाले.

"मी? नाही गं. झोपलो होतो मी."

"मध्ये उठला होतात. वास आला म्हणून मी बाहेर आले, तर तुम्ही खुर्चीत." हे सगळं मी तिथल्या तिथे रचलं. तपशिलासकट.

त्यांनी कप खाली ठेवला. बोटं नाकाशी नेली. हॉलभर तोच वास होता, बोटांना कसा नसेल? बराच वेळ बोटांकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे ओढला असेन."

पाइप मी ओढला होता.

दुसऱ्या दिवसापासून ते मला विचारायला लागले. माझी अंघोळ झाली का गं? सकाळची गोळी घेतली का मी? बुधवारात जाणं थांबलं — "परतीचा रस्ता नाही सुचला तर?" शोकेसला कुलूप त्यांनीच लावायला सांगितलं. डॉक्टरांपुढे स्वतःहून म्हणाले, "मी पाइप ओढतो आणि विसरतो." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

हळूहळू स्मृती खरोखरच गेली. ती जाणारच होती का? की मी तिला दार उघडून दिलं? कुणाला विचारू? आमच्या घरात सगळे मलाच विचारतात.

नाना गेल्या वर्षी गेले. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. कित्येक दिवस त्यांनी मला ओळखलं नव्हतं. एकाएकी अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "वैशाली, त्या दिवशी पाइप ओढला मी. तुला दिलेला शब्द मोडला. मनात ठेवू नकोस."

घरात आम्ही दोघंच होतो. चमचा माझ्या हातात होता.

"नाही ठेवलं, नाना," मी म्हणाले. "माफ केलं केव्हाच."

त्यांनी माझा हात थोपटला, आणि उरलेली पेज सगळी खाल्ली.