पट्टीशिवायचा जोड

नाव: नेव्हिल अ‍ॅकरॉइड. बनावटीचे वर्ष: १९५८. बनावटीचे ठिकाण: रेन्थॉर्प, लिंकनशायर, तेथून स्थलांतर नाही. रंग: मूळचा गोरा, हल्ली ग्रीसचा. मालक: एकच (बायको लोरेन, १९८३ पासून). बदललेले भाग: उजवा गुडघा, पुढचे चार दात. व्यवसाय: बस डेपोत वेल्डर, एकेचाळीस वर्षे, आता निवृत्त. ज्ञात दोष: नाही.

शेवटच्या रकान्याबद्दल आम्हा शेजाऱ्यांना फेब्रुवारीपासून शंका येऊ लागली होती. आम्हाला पाहिल्यावर नेव्हिल हात वर करायचा, तो बंद झाला होता.

त्याआधीचं वर्ष मजेत गेलं होतं. वडिलांची छप्पन्न सालची पॉप्युलर मोटार, काळी, उंच, बोलर हॅट घातल्यासारखी दिसणारी, त्याच्या गॅरेजमध्ये उभी होती. तिच्या चासीवर, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावर, त्याला ड्रॅगची, सरळ रेषेत पाव मैल पळायच्या शर्यतीची, गाडी बांधायची होती. पुढे आठ सिलिंडरचं इंजिन, मागे पाटासारखे रुंद टायर, आत पोलादी पिंजरा. पाव मैल बारा सेकंदांत. आणि तरीही नंबर, दिवे, वायपर, हॉर्न, सगळं कायद्यानं. ट्रेलरवर चढवून नेतात ते नेव्हिलच्या मते सामान. गाडीनं शर्यतीला आपल्या पायांनी जायचं, पळायचं आणि येताना दूध घेऊन यायचं. चालवणार होती त्याची मुलगी हेदर. एरवी ती शाळेची बस चालवते.

आमच्याकडचा नियम साधा आहे. चासी मूळची आणि न कापलेली असली तर जुना नंबर तुमचा. कापली, की गाडी अनोळखी ठरते. तिला क्यू अक्षराचा नंबर लागतो आणि तपासणी पहिल्यापासून. म्हणून नेव्हिलनं नऊ महिने एकही काप न घेता सगळं नटबोल्टांवर बसवलं होतं. वडिलांचा नंबर त्यानं पितळी पाटीवर कोरून दारावरही लावला होता.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी गिअरबॉक्स चासीच्या उजव्या दांड्याला अंगठाभर अडला. हातात ग्राइंडर होता. एकेचाळीस वर्षं जे अडलं ते कापलं होतं, तसंच त्यानं हेही कापलं. ठिणग्या विझल्यावर त्याला कळलं, की आपण काय केलं.

लोरेन चहा घेऊन आली. "तोंड का पांढरं पडलंय तुझं?"

"थंडी आहे."

"हीटर लाव मग. शहाणाच आहेस."

काढलेला तुकडा त्यानं परत जागेवर वेल्ड केला, घासून सपाट केला, मिठाचं पाणी लावून गंजवला आणि वर जुना काळा रंग मारला. गिअरबॉक्स शेवटी इंजिन दीड इंच पुढे सरकवून बसला. हे बुधवारी सकाळीही सुचू शकलं असतं.

अडचण एवढीच होती, की त्याला वेल्डिंग येत होतं. असा जोड टिकवायचा तर वरून पोलादी पट्टी मारावी लागते. पट्टी मारली की दिसते. दिसली की नंबर गेला. दुसऱ्या कुणी असा सपाट घासलेला जोड डेपोत दाखवला असता, तर नेव्हिलनं त्याला दारात उभं केलं नसतं.

एप्रिलात जुन्या गाड्यांच्या क्लबाचे पिकर्सगिल नंबरासाठी चासीच्या तपासणीला आले. वय ऐंशीच्या पुढे. टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन ते गाडीखाली सरपटत गेले. टक. टक. टक. नेव्हिल गाडीच्या छतावर हात ठेवून उभा होता. तो हात त्याला नंतर सोडवून घ्यावा लागला.

हातोडी उजव्या बाजूला थांबली.

"नेव्हिल."

"हं?"

"जरा ओढ मला बाहेर. कंबर धरली."

बाहेर येऊन त्यांनी सही केली. "चासी मूळची, अखंड. तुझे वडील खूश झाले असते रे." नेव्हिल आत जाऊन ओकला. लोरेनला त्यानं सांगितलं, मासा शिळा होता.

त्यानंतर हेदर गाडी घेऊन गावात फिरू लागली आणि नेव्हिल रस्त्याकडे कान लावून बसू लागला. तिचा फोन वाजला की उठून उभा राहायचा. एकदा ती वीस मिनिटं उशिरा आली. दाराशीच त्यानं विचारलं, "काय तुटलं?"

"काही नाही तुटलं, डॅड. पेट्रोलपंपावर बारा म्हातारे जमले होते. प्रत्येकाच्या काकाकडे अशी होती."

जूनमधल्या रविवारी दोघं चाळीस मैल गाडी चालवत जुन्या लष्करी धावपट्टीवर गेली. तिथल्या तपासनिसानं पट्टे, हेल्मेट, पिंजरा पाहिला, "छान काम आहे, साहेब," म्हणाला आणि काचेवर चिठ्ठी चिकटवली. म्हणजे आता जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. रांग पुढे सरकत होती. पुढची गाडी सुटली आणि जमीन पोटातून थरथरली. पाव मैलभर दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत होती. हेदरनं अंगठा वर केला.

नेव्हिल गाडीसमोर जाऊन उभा राहिला.

"डॅड, बाजूला हो! लोक बघताहेत!"

"उतर."

"काय?"

"चासी कापलेली आहे. उजवीकडून. मीच कापली, मीच जोडली. पट्टी नाही मारली."

हेदरनं हेल्मेटची काच वर केली. "कधी?"

"फेब्रुवारीत."

"आणि हे तू आता सांगतोस? माझं नाव पुकारल्यावर? गेले दोन महिने मी हिच्यातून आईला दवाखान्यात नेतेय!"

"मला माहीत आहे."

"पिकर्सगिलांनी..."

"त्यांची कंबर धरली होती."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो आजोबा, लग्न लागतंय का तिथं?"

रांगेतून गाडी बाहेर काढली. आणि मग लक्षात आलं, की ट्रेलर नाही. आपल्याच तत्त्वामुळे नाही. चाळीस मैल ती दोघं ताशी पंचवीसच्या वेगानं घरी आली. नेव्हिल प्रत्येक खड्ड्याला "सावकाश" म्हणत होता, आणि मागे ट्रक हॉर्न मारत होते. गावात शिरताना हेदर म्हणाली, "दूध विसरलो."

सोमवारी त्यानं रंग खरवडला, जोडाचा फोटो काढला आणि वाहन नोंदणी कार्यालयाला स्वतःच पत्र लिहिलं. मग दोन्ही दांड्यांना हाताएवढ्या लांब पट्ट्या मारल्या, रस्त्यावरून दिसतील अशा. तपासणीला चौदा महिने लागले. क्यूचा नंबर आला. हेदरनं पाव मैल बारा पूर्णांक सहा सेकंदांत काढला. नेव्हिलनं ते डोळे मिटून ऐकलं.

नव्या नोंदणीपत्रावर छापलेलं आहे: बनावटीचे वर्ष, अज्ञात. मूळ, अज्ञात.

ही गाडी नेव्हिलच्या वडिलांनी ९ मे १९५६ रोजी गावातल्या मार्केट स्ट्रीटवर कोरी विकत घेतली. पावती लोरेनच्या फ्रिजवर चुंबकानं लावलेली आहे.