गणपती गेले की बघू

आमच्या माहेरी घोरण्याला कुणी आजार मानलंच नाही. घोरतो म्हणजे माणूस सुखी, अंथरुणाला पाठ टेकताच झोपतो, असा सरळ हिशेब. माझा थोरला भाऊ घोरायचा तेव्हा शेजारीही हसून सांगायचे, "तुमच्याकडं रात्रभर गिरणी चालू होती." मी लग्न होऊन रोह्याजवळच्या अष्टमी गावात आले, तरी माहेरी जाताना मुलांना बजावत असे, मामाच्या खोलीत झोपू नका.

दादा पेणला वडिलांचा गणपतीचा कारखाना चालवायचा. साच्यातून मूर्ती काढायला, रंग द्यायला माणसं होती. डोळ्यांची आखणी मात्र दादाच करायचा, दुसऱ्या कुणाचा ब्रश तिथे लागायचा नाही. रोहा, कोलाड, खांबकडची गिऱ्हाइकं मूर्ती हातात घेऊन आधी डोळे बघत आणि मगच हसत.

मग तो दिवसाढवळ्या पेंगू लागला. जेवता जेवता, बोलता बोलता, आणि एकदा ब्रश हातात असताना. काळी रेघ मूर्तीच्या डोळ्यातून गालावर उतरली. पुसून पुन्हा रंगवता येतं, पण त्या दिवसापासून माझा भाचा बापाच्या शेजारी बसू लागला. दादाला ते फार लागलं. कारखाना गेला असता तर त्यानं सोसलं असतं, डोळ्यांची आखणी हातची जाणं त्याला सोसणार नव्हतं.

वहिनीनं तोवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. तिला घोरण्याची भीती वाटत नव्हती, ते थांबायचं त्याची वाटत होती. आवाज बंद व्हायचा, श्वासही बंद, आणि ही उठून त्याला हलवायची. असं किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक! बिचारी स्वतःही धड झोपली नव्हती.

तपासणी झाली. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, असं निघालं. आधी नाकावर मास्क आणि हवेची नळी मिळाली. दादा आरशात बघून म्हणाला, "जल्मभर सोंडा केल्या, आता मलाच लागली." आम्ही पोट धरून हसलो. पण त्याला तो मास्क सोसेना. झोपेतच ओढून काढायचा आणि सकाळी म्हणायचा, "मी नाय काढला."

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरा उपाय सांगितला. छातीत उजवीकडे, गळ्याखालच्या हाडाजवळ, एक लहानसं यंत्र बसवायचं. त्याची तार जिभेच्या नसेपर्यंत न्यायची. झोपताना रिमोटनं चालू केलं की श्वासाबरोबर जीभ जराशी पुढे सरकते आणि वाट मोकळी राहते. आपल्याकडे हे ऑपरेशन फार थोड्यांचं होतं, सगळ्यांना ते चालतही नाही. दादाला औषधानं झोपवून घशात कॅमेरा घालून पाहिलं, तर त्याला चालणार होतं. बाहेर बाकावर वहिनी रडली, आनंदानं.

दादानं एकच विचारलं, "उजव्या हाताला किती दिवस आराम?"

डॉक्टर म्हणाले, काही आठवडे जपावं लागेल. दादा उठून उभा राहिला. "मग गणपती गेले की बघू."

हे पेणबाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे दाढ दुखली, मोतीबिंदू पिकला, मुलीला स्थळ आलं, सगळ्याला उत्तर एकच, गणपती गेले की बघू. मी फोनवर तोंड सोडलं. "दादा, गणपती दरवर्षी येतात, तू काय दरवर्षी येणार हायस?" तो हसला. "अगो, एवढाच सीजन. पोराचा हात अजून बसला नाय."

श्रावणात एका सकाळी तो उठायला गेला आणि उजवा हात उठेना. तोंड वाकडं झालं होतं. मिळेल त्या एसटीनं मी पेण गाठलं, तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. झोपेतल्या त्या अडलेल्या श्वासानंच झालं का, हे डॉक्टरांनी ठाम सांगितलं नाही. धोका त्यानं वाढतो, एवढंच म्हणाले. माझ्या मनात मात्र शंका नव्हती. मला दादाचा राग आला होता, आणि खाटेवर पडलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणून जास्तच आला होता.

त्या वर्षी डोळे भाच्यानं रंगवले. गिऱ्हाइकं आली, मूर्ती घेऊन गेली. डोळे कुणाचे, हे एकानंही विचारलं नाही.

पुढे दादा चालू लागला, बोलणं बरंचसं सुधारलं. उजव्या हाताच्या बोटांत मात्र जोर परत आला नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर ते यंत्र बसवलं, आणि खरं सांगायचं तर उत्तम चाललं. वहिनी मला म्हणाली, "पहिल्यांदा मला तो आवाज नसताना झोप येईना. छातीवर हात ठेवून बघायची. आता मीपण झोपते."

परवा दुपारी मी कारखान्यात गेले. दादा प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला. डोळ्यांखालची सूज गेली होती, चेहरा कितीतरी वर्षांनी टवटवीत दिसत होता. समोर भाचा आखणी करत होता आणि दादा त्याचा ब्रश बघत होता.

मला बरं वाटलं. मी म्हटलं, "दादा, आता झोप पुरते ना रे?"

"व्हय. झोप मस्त लागते." तो थोडा थांबला. अजून शब्द त्याला शोधावे लागतात. "पन आता दिवसभर जागाच असतो गो. आधी बसल्याबसल्या पेंग तरी यायची, तेवढा वेळ तरी हे बघायला लागत नसे."

भाच्यानं ब्रश खाली ठेवला. दादा म्हणाला, "थांबू नको. दुसरा डोळा घे."